तेराव्याच्या आधीचे दिवस

माणूस मेल्यानंतर घरात काय काय होते, याचे मराठी नाटकाला उत्तम ज्ञान आहे. माणूस मरत असताना काय होते, याबद्दल मात्र ते बहुधा गप्प असते. आपल्या रंगभूमीवरील मृत्यूविषयीची दोन सर्वांत महत्त्वाची नाटके घेतली तरी हे दिसते. सतीश आळेकरांचे ‘महानिर्वाण’ १९७४ साली पुण्यात थिएटर अकॅडमीने रंगमंचावर आणले. महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली १९८५ साली आले. पहिल्या नाटकातले कीर्तनकार भाऊराव पडदा उघडतो तेव्हा मेलेले आहेत. दुसऱ्यातले तात्याजीही गेलेले आहेत. दोन्ही नाटके आपल्याला उशिरा आत घेतात, डॉक्टर बाहेर पडल्यावर आणि शेजारी जमू लागल्यावर.

या लेखात मला त्या उशिराबद्दल लिहायचे आहे. ही दोन्ही नाटके मोठी आहेत आणि त्यांच्या लेखकांनी दुसरेच नाटक लिहायला हवे होते असे म्हणणे हा समीक्षेचा आगाऊपणा ठरेल. पण एखाद्या भाषेतील श्रेष्ठ कलाकृती कुठे सुरू होतात, यावरून त्या भाषेत काय बोलता येते आणि काय येत नाही, याचा अंदाज लागतो.

‘महानिर्वाण’मध्ये भाऊरावांचे प्रेत स्वतःच कीर्तन करते. त्याचा हट्ट आहे की आपल्याला जुन्याच स्मशानात जाळावे. ते स्मशान तर बंद झालेले. मग प्रेत घरात, चाळ दारात, मुलगा नाना मध्ये आणि बायको रमेचे चित्त खांदेकऱ्यांमधल्या ‘डावीकडून तिसऱ्या’कडे. प्रेक्षक पोट धरून हसतो आणि हसताना दचकतो. आळेकरांनी आपल्या अंत्यविधीची सगळी भाषा उलटी टांगली, हे त्या नाटकाचे बळ. मला मात्र दर वेळी एक साधी गोष्ट खटकते. जुन्या स्मशानात जाळण्याची ही इच्छा भाऊराव मेल्यावर सांगतात. जिवंतपणी त्यांनी ती कोणाला सांगितली होती का? कदाचित सांगायला गेले असतील आणि रमेने ‘काहीतरी अभद्र बोलू नका’ म्हणून गप्प केले असेल. हे मी नाटकात घुसडतो आहे, कबूल. पण मराठी घरात मेलेल्या माणसालाच आपली अखेरची इच्छा निवांतपणे सांगता येते, हा त्या विनोदाचा गाभा मला तरी वाटतो.

‘वाडा चिरेबंदी’त विनोद नाही. धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात भांडण आहे ते तेराव्याच्या खर्चाचे. गावजेवण घालायचे की नाही, कोणी घालायचे, मुंबईच्या भावाने किती द्यायचे. अंगणात ट्रॅक्टर गंजत पडलेला आणि आत दादी ‘किती वाजले’ विचारत राहिलेली. जमीनदारीची अखेर एलकुंचवारांनी या तेरा दिवसांत बसवली. शोक करायला वेळच नसलेले घर त्यांनी दाखवले. पण तात्याजींचे आजारपण कसे होते, शेवटी त्यांच्यापाशी कोण बसले होते, त्यांना कळले होते का, यातले काही नाटकाच्या केंद्रस्थानी नाही. दादी वेळ विचारते, आणि तिला उत्तर देण्याची कोणाला गरज वाटत नाही. त्या वाड्यात मरणाच्या सर्वांत जवळ ती आहे. तिच्याशी कोणीच बोलत नाही.

जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’ इथे वेगळे काढावे लागते. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यात जाऊन कायमचा गेलेला, आणि नाना-नानी घरात. ते शेवटी झोपेच्या गोळ्यांचा मार्ग पत्करतात. या नाटकाने एका पिढीला रडवले. परंतु त्यातला निर्णय दोघांतच घेतला जातो. तो ऐकणारा तिसरा कोणी नाही, म्हणूनच तर तो घेतला जातो. दळवींनी एकाकीपणाचे नाटक लिहिले आणि आपण ते मृत्यूचे नाटक म्हणून लक्षात ठेवले. वृद्धाने मरणाबद्दल तोंड उघडले की ऐकणारा घाबरून ‘असे काय बोलता’ म्हणतो, त्यामागे हे नाटकही थोडे असावे. मरणाबद्दल बोलणे म्हणजे मरण मागणे, असा आपला एक समज पक्का झाला आहे.

आता भाषेकडे वळतो. मी बँकेत नोकरी केली. नामनिर्देशनाचा रकाना दाखवला की खातेदार काय करतात, हे तीस वर्षे पाहिले. ‘त्याची काय घाई’ म्हणणारे, हसून विषय बदलणारे, ‘नंतर भरतो’ म्हणून फॉर्म घरी नेणारे. नॉमिनी हा मालक नसून रक्कम स्वीकारणारा विश्वस्त असतो, हे सांगण्याची वेळ बहुधा खातेदार गेल्यावर यायची, आणि समोर दोन भाऊ बसलेले असायचे. ‘मृत्युपत्र’ हा शब्द तर काउंटरवर कोणी उच्चारतच नसे; सगळे ‘इच्छापत्र’ म्हणत. एकेकाळी हा शब्द मराठीने न बिचकता वापरला आहे. सावरकरांनी १९१० साली लंडनमध्ये अटक झाल्यावर वहिनीला उद्देशून जी कविता लिहिली, तिचे नावच ‘माझे मृत्युपत्र’.

मेल्याबद्दल आपल्याकडे शब्दांची कमी नाही. गेले, वारले, निवर्तले, दगावले, खपले, देवाज्ञा झाली, राम म्हटला. नावाआधी ‘कै.’ लागते. पुण्यात तर स्मशानालाच वैकुंठ म्हणतात. त्यानंतरचा प्रत्येक दिवसही मोजलेला आहे: दहावा, अकरावा, बारावा, तेरावा, पिंड, कावळा, सुतक. पण मरणाच्या आधीच्या दिवसांना काय म्हणायचे? रुग्णालयाच्या जिन्यावर उभे राहून मराठी माणूस फोनवर जे बोलतो ते ऐका. ‘आयसीयूत हलवलेय.’ ‘व्हेंटिलेटरवर ठेवलेय.’ ‘नळी घातलीय.’ ‘डॉक्टरांनी हात टेकले.’ ‘घरी घेऊन जा म्हणाले.’ या सगळ्या वाक्यांत आजारी माणूस कर्म आहे. कर्ता कधी डॉक्टर, कधी मुलगा, बहुतेक वेळा कोणीच नाही. ‘त्यांना काय हवे आहे’ असे वाक्य त्या जिन्यावर मी क्वचितच ऐकले आहे. माझे वडील अकरा दिवस अशा एका ठिकाणी होते आणि त्या अकरा दिवसांत आम्ही सगळे भाऊ-बहिणी फक्त हीच वाक्ये एकमेकांना पुरवत होतो.

दुखणे बरे होणार नाही हे मान्य करून वेदना हलकी करणाऱ्या उपचारांना मराठीत अजून एक रुळलेला शब्द नाही. कोणी ‘परिहारक’ म्हणते, कोणी ‘उपशामक’. घरात मात्र ‘पॅलिएटिव्ह’ म्हणतात आणि आवाज खाली आणतात. देशातले पहिले हॉस्पिस म्हणून ओळखले जाणारे शांती अवेदना सदन मुंबईत वांद्र्याला १९८६ साली सुरू झाले. म्हणजे वास्तू येऊन चाळीस वर्षे होत आली, तरी शब्द यायचा आहे.

परंपरेतच हा संकोच होता असे म्हणणाऱ्यांना मी नामदेवांच्या गाथेतले समाधीचे अभंग वाचायला सांगतो. १२९६ साली आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. त्या प्रसंगावरचे हे अभंग म्हणजे मराठीतले बहुधा पहिले विस्तृत शोकवर्णन. जाणारा आधी सांगतो, सगळे जमतात, आणि जमलेले धीरगंभीर राहत नाहीत. निवृत्तिनाथ, जे गुरू आहेत, ज्यांना आत्म्याचे अमरत्व समजावून सांगायची गरज नाही, तेही कोसळतात. सोपान, मुक्ताई रडतात. तत्त्वज्ञान ठाऊक असलेल्यालाही शोकाचा अधिकार आहे, हे नामदेवांनी तिथे लिहून ठेवले. नंतरच्या कीर्तनकारांनी त्यातला चमत्कार उचलला आणि रडणे मागे टाकले, असे माझे मत आहे.

आधुनिक काळात ठरवून गेलेले थोर लोक आपल्याला ठाऊक आहेत. सावरकरांनी ‘आत्महत्या नव्हे, आत्मार्पण’ असा भेद मांडला आणि १९६६ साली अन्न-औषध थांबवून देह ठेवला. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला तेच केले. दोघांविषयी आदराने पुष्कळ लिहिले गेले. पण या आदराने एक अडचण करून ठेवली. आपल्या मरणाबद्दल ठरवणे हे तपस्व्याचे काम झाले, भीष्माचे झाले. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या, मधुमेह असलेल्या, पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला ‘मला आता नळ्या नकोत’ म्हणायला प्रायोपवेशनाइतकी उंची कुठून आणायची?

वृत्तपत्रांनी गोंधळ आणखी वाढवला. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला. त्या मे २०१५ मध्ये गेल्या. त्यांच्यासंबंधीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये निकाल दिला, तेव्हा आपल्याकडच्या चर्चेत ‘दयामरण’ आणि ‘इच्छामरण’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले गेले. दया दुसऱ्याची असते, इच्छा स्वतःची. ज्या बाईला चार दशके स्वतःची इच्छा सांगता आली नाही, तिच्या बाबतीत ‘इच्छामरण’ लिहिणे हे भाषेचे नुसते ढिसाळपण नव्हते. खरा प्रश्नच त्याने झाकला. तिची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांनी याचिकेला विरोध केला होता, आणि त्यांचा अधिकारही लहान नव्हता. पण तिच्या वतीने कोण बोलणार, याचे उत्तर ‘दया’ या शब्दात मिळत नाही.

मरणाच्या आधीच्या दिवसांत शिरण्याचे धाडस केले ते सिनेमाने. राजेश मापुसकरांच्या ‘व्हेंटिलेटर’मध्ये (२०१६) गजाकाका गणपतीच्या तोंडावर रुग्णालयात आहेत आणि सगळे कामेरकर नातेवाईक बाहेरच्या बाकड्यांवर. सुतक आले तर गावच्या गणपतीचे काय, ही चिंता मापुसकर इतक्या प्रेमाने दाखवतात की ती क्रूर वाटत नाही. जिन्यावरची ती सगळी वाक्ये या चित्रपटात आहेत. यंत्र ठेवायचे की काढायचे, हा भार शेवटी वडिलांशी अबोला धरलेल्या मुलावर, प्रसन्नावर येतो. चित्रपट भावनेने तो भार हलका करतो. बाप-लेकाचे नाते उलगडते आणि आपण डोळे पुसत बाहेर पडतो. माझी तक्रार इतकीच की गजाकाकांना काय हवे होते, हा प्रश्न नात्याच्या गोडव्यात विरघळून जातो. मुलाने बापाला माफ करणे आणि बापाची इच्छा जाणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्यानंतर दोनच वर्षांनी, ९ मार्च २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी अशी इच्छा आधी लिहून ठेवण्याला मान्यता दिली. पद्धत इतकी किचकट होती की कागद न्यायदंडाधिकाऱ्यापर्यंत न्यावा लागे. २४ जानेवारी २०२३ रोजी ती सोपी झाली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा. कागदात आपल्या वतीने बोलणाऱ्या एक किंवा अधिक जवळच्यांची नावे लिहायची. प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची. वेळ आल्यावर रुग्णालयातले तीन डॉक्टर पाहतात, मग दुसरे तीन. मुंबईत डॉ. निखिल दातार यांनी पाठपुरावा केल्यावर महापालिकेने असे अधिकारी नेमले. गोव्यात २०२४ साली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःच तसा कागद नोंदवला. आपल्या तालुक्याच्या नगरपालिकेत जाऊन ‘हा कागद कुठे द्यायचा’ असे वाचकांनी एकदा विचारून पाहावे.

दिवाळी अंकात हे कशाला, असे कोणी म्हणेल. धनत्रयोदशीला दक्षिणेकडे तोंड करून यमासाठी कणकेचा दिवा आपण लावतोच, आणि भाऊबिजेचे दुसरे नाव यमद्वितीया आहे. सणाला या पाहुण्याचे वावडे नाही.

या संभाषणाचे सर्वांत चांगले वर्णन मी इंग्रजीत वाचले, आणि गंमत म्हणजे ते एका मराठी घराचे आहे. अतुल गावंडे यांच्या ‘बीइंग मॉर्टल’ (२०१४) या पुस्तकात त्यांचे आजोबा सीताराम विदर्भातल्या उटी गावी कुटुंबाच्या गराड्यात शंभरी ओलांडतात. वडील आत्माराम अमेरिकेत शल्यचिकित्सक असतात, आणि त्यांच्या मज्जारज्जूत गाठ निघते. बाप डॉक्टर, आई डॉक्टर, मुलगा डॉक्टर; तरी ‘तुम्हाला कशाची भीती वाटते, काय गमावून जगणे तुम्हाला चालेल’ हे विचारायला मुलाला धीर गोळा करावा लागतो. त्याच पुस्तकात एक प्राध्यापक मुलीला सांगतात की चॉकलेट आइस्क्रीम खाता येऊन टीव्हीवर फुटबॉल पाहता येत असेल, तर त्यांना जगायचे आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी निर्णय घ्यायची वेळ येते तेव्हा मुलीला तेवढेच वाक्य उपयोगी पडते. गावंडे आजोबांच्या म्हातारपणाचे गोडवे गाऊन थांबत नाहीत, हे मला विशेष वाटते. त्या गराड्यामागे मुलांचे वर्षानुवर्षे अडकून राहणे होते, हेही ते लिहितात. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबाच्या आठवणींत ही दुसरी बाजू कमी येते.

मराठीत या प्रकारच्या बोलण्याच्या सर्वांत जवळ गेलेली कलाकृती मृत्यूविषयी नाही. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’मध्ये (२००४) कोकणातले आजोबा नातवाला घेऊन शहरात येतात. परशाच्या डोळ्यांत कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. डॉक्टरांचा आग्रह असा की शस्त्रक्रियेआधी हे त्या पोराला सांगितले पाहिजे. निम्मा चित्रपट या ‘सांगण्या’चा आहे. कोणी सांगायचे, कोणत्या शब्दांत, आणि सांगितल्यावर हातात उरलेल्या थोड्या वेळाचे काय करायचे. आजोबा त्याला रुग्णालयातून बाहेर नेतात आणि शहर दाखवतात. सहासात वर्षांच्या पोराला त्याच्या शरीराबद्दलचे सत्य कळण्याचा हक्क आहे, हे प्रेक्षकांनी तेव्हा एका झटक्यात मान्य केले, टाळ्या वाजवल्या, चित्रपट ऑस्करला गेला. हाच हक्क आपण घरातल्या ऐंशी वर्षांच्या माणसाला देत नाही. त्याचा रिपोर्ट मुलगा खिशात ठेवतो, आणि सून ‘बाबांना काही कळू देऊ नका’ असे दारातच पाहुण्यांना सांगते. हा प्रवेश अजून कोणी लिहिलेला माझ्या वाचनात नाही. नाटककारांसाठी त्यात काय नाही? एक खाट, एक लपवलेला कागद, आणि सगळे ठाऊक असूनही न विचारणारा म्हातारा.