केराच्या डब्यापासून बॅगपाइपपर्यंत

जेन जेकब्ज यांचं 'द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज' हे पुस्तक 1961 साली आलं. त्यातली मोजकी पानं पुस्तकापेक्षाही जास्त गाजली. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज या जुन्या वस्तीत, हडसन स्ट्रीटवर, लेखिकेच्या दारासमोर सकाळपासून रात्री उशिरापर्यंत काय काय चालतं, एवढाच त्या पानांचा विषय. नगररचनावाले त्यातून सिद्धान्त काढतात. काढोत. मला ती पानं ललित गद्य म्हणून वाचायला आवडतात, कारण तशी वाचली की सिद्धान्ताऐवजी अख्खी आळीच हाताला लागते.

घर 555 क्रमांकाचं. जेन आणि त्यांचे वास्तुविशारद पती रॉबर्ट यांनी ते 1947 मध्ये घेतलं, तेव्हा खाली गोळ्या-चॉकलेटच्या दुकानाची जागा होती. खाली दुकान, वर बिऱ्हाड, हाच त्या रस्त्याचा शिरस्ता.

उताऱ्यात लेखिकेचा प्रवेश होतो तोच केराचा डबा घेऊन. आठ वाजून गेलेत, शाळेची पोरं घोळक्याने चाललीत आणि चॉकलेटचे कागद टाकत चाललीत. बाई ते झाडून घेतात, आणि एवढं गोड सकाळी सकाळी यांच्या पोटात जातं तरी कसं, असं नवलही करतात. त्या काळी न्यूयॉर्कची मोठी बांधकामं ठरवणारे रॉबर्ट मोझेससारखे अधिकारी शहर पाहायचे ते नकाशावर आणि टेबलावरच्या लाकडी नमुन्यांत. इथे शहर पाहणारीच्या हातात झाडू आहे. ती गच्चीत उभी नाही, फुटपाथवर वाकलेली आहे. पुढचं सगळं वर्णन त्या उंचीवरून येतं.

झाडता झाडता तिला दिसतात ते दुकानदार. लाँड्रीवाला तळघराच्या दाराशी अडकवलेली हातगाडी सोडवतो. खाद्यपदार्थांच्या दुकानातला जावई रिकामी खोकी बाहेर रचतो. न्हावी घडीची खुर्ची आणून मांडतो. हार्डवेअरवाला तारेची वेटोळी नीट लावतो. ती बाहेर दिसली की दुकान उघडलं. कुणाचा स्वभाव सांगितलेला नाही, कुणाच्या चेहऱ्याचं वर्णन नाही, विशेषणं जवळजवळ नाहीतच. प्रत्येकाच्या वाट्याला एक क्रियापद आणि एक वस्तू. नावं मात्र बहुतेकांना आहेत, आणि ती ओळख करून न देता येतात. आपणही नव्या भाडेकरूशी बोलताना 'कोपऱ्यावरचे जोशी' असं सहज म्हणून जातो, कोण ते सांगत बसत नाही, तशीच. दुसऱ्या पानावर येईपर्यंत वाचक तिथला जुना रहिवासी झालेला असतो.

त्याच रांगेत एक तीन वर्षांचं गुटगुटीत पोर आहे. बाजूच्या चाळवजा इमारतीची देखभाल करणाऱ्याची बायको त्याला पायरीवर आणून बसवते. हातात खेळण्यातलं मँडोलिन. आईला इंग्रजी येत नाही; पोर मात्र पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांचं ऐकत ती भाषा शिकतंय. स्थलांतरितांच्या दोन पिढ्या एका वाक्यात बसवल्यात, आणि त्यावर भाष्य शून्य. एखाद्या कादंबरीकाराने याच पोरावर प्रकरण लिहिलं असतं.

मग कामावर निघायची वेळ होते. फळवाला दुकानाबाहेर पांढरा एप्रन बांधून, हाताची घडी घालून, पाय रोवून उभा असतो. लेखिका आणि तो मान हलवतात, रस्त्यावर वर-खाली एक नजर टाकतात, पुन्हा एकमेकांकडे बघून हसतात. संपलं. दोघांनाही कळलेलं असतं की सगळं ठीक आहे. कित्येक वर्षं हे असंच चाललंय. मला हा अख्ख्या उताऱ्याचा कळस वाटतो. ही मैत्री नाही. फळवाला बाईंच्या घरी जेवायला येत नसेल, बाई त्याच्या संसाराची चौकशी करत नसतील. पण अनोळखीही नाही. शहरातल्या या मधल्या नात्याचं इतकं नेमकं चित्र मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

दुपार जेकब्ज सुट्टीच्या दिवसांच्या आठवणीवर रंगवतात, आणि ते थोडं जाणवतं. व्हाइट हॉर्स हा बार एरवी डिलन टॉमस या कवीमुळे प्रसिद्ध. इथे दुपारी त्यात काम नसलेले गोदी कामगार बिअर पीत गप्पा मारताहेत. पण तो शिंपी पाहा. खिडकीतल्या झाडांच्या जंगलाला पाणी घालतो, बाहेर येऊन त्यांच्याकडे चिकित्सक नजरेने बघतो, जाणाऱ्यांकडून कौतुक पदरात पाडून घेतो आणि समोरच्या ठिकाणी खायला जातो. तिथूनच दुकानावर डोळा. गिऱ्हाईक दिसलं की हातवारे करून 'आलो' म्हणून कळवतो. दुपारी एक ते चार बंद शटरची सवय असलेल्या पुण्यातल्या वाचकाला हा माणूस फारच उतावळा वाटेल.

जेकब्ज या सगळ्याला फुटपाथवरचा बॅले म्हणतात. ही प्रतिमा अभ्यासक्रमांत जाऊन बसली, पण उताऱ्यातली ती सर्वांत कच्ची जागा आहे असं माझं मत. बॅलेला तालमी लागतात, प्रेक्षक लागतात. इथे जो तो आपापलं काम उरकतोय, आणि राखण आपोआप होतेय. तारेची वेटोळी जे सांगतात ते बॅलेला सांगता येत नाही.

राखणीचा पुरावा म्हणून त्या एक प्रसंग देतात, तो तर धाडसी आहे. रस्त्यावर एक माणूस आठ-नऊ वर्षांच्या मुलीला सोबत नेऊ पाहतोय, मुलगी भिंतीला चिकटून राहिलीय. लेखिका खिडकीतून बघत काय करावं ते ठरवत असतानाच खाटकाच्या दुकानातली बाई बाहेर येते. मग कुलपवाला, फळवाला, लाँड्रीवाला. बारमधूनही माणसं दाराशी येतात. त्या माणसाला कळत नाही, पण त्याला वेढा पडलेला असतो. आणि मग कळतं की मुलगी त्याचीच होती. दुसऱ्या लेखकाने हा शेवट गाळून टाकला असता. जेकब्ज तो सांगतात, आणि नाट्याच्या दृष्टीने वाईट वाटतं असंही म्हणतात. पुरावा खोट्या धोक्याचा असला तरी धावून आलेली माणसं खरीच होती. त्यातही एक बारकावा: त्या भागातल्या एकाच इमारतीच्या खिडकीत कुणी डोकावलं नाही. ती होती जास्त भाड्याच्या छोट्या फ्लॅटांची, नूतनीकरण केलेली इमारत.

हे वाचताना पुण्यातल्या पेठांमधले पुनर्विकसित वाडे आठवतात. जिथे ओटा होता, किराणा किंवा शिंप्याचं दुकान होतं, तिथे आता खांबांमध्ये गाड्या उभ्या असतात. बोनेटला डोळे नसतात.

उताऱ्यात न दिसणाऱ्याही गोष्टी आहेत. समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गॅन्स यांनी 1962 मध्येच आक्षेप घेतला होता की ही वर्दळ इमारतींच्या आणि रस्त्यांच्या रचनेतून येत नाही, तिथल्या कष्टकरी स्थलांतरितांच्या जगण्याच्या रीतीतून येते. आक्षेपात दम आहे. मँडोलिनवाल्या पोराची आई भाडं किती भरते, हे जेकब्ज इथे विचारत नाहीत. पुस्तक आलं त्याच वर्षी महापालिकेने वेस्ट व्हिलेजला गलिच्छ वस्ती ठरवून पाडायचा घाट घातला, तेव्हा याच बाई समिती काढून लढल्या आणि 1962 मध्ये तो बेत मागे घ्यायला लावला. व्हिएतनाम युद्धाच्या सक्तीच्या भरतीपासून मुलांना वाचवण्यासाठी 1968 मध्ये कुटुंब टोरांटोला गेलं. पुढच्याच वर्षी ग्रीनिच व्हिलेज अधिकृत ऐतिहासिक वस्ती ठरली. विटा वाचल्या, भाव चढले, आणि गोदी कामगाराला परवडेल असं तिथे फारसं काही उरलं नाही.

रात्र थोडक्यात येते, पण कानाने टिपलेली. तान्ह्या बाळासाठी मध्यरात्रीनंतर उठून अंधारात बसलेली आई खालच्या गप्पांचे तुकडे ऐकते, पहाटे तीनच्या सुमारास कुणीतरी सुरेल गातं. एकदा फेब्रुवारीच्या थंडीत एक अनोळखी माणूस बॅगपाइप वाजवू लागतो, लोक गोळा होऊन नाचतात, आणि तो नाहीसा होतो. हा प्रसंग काही सिद्ध करत नाही. म्हणूनच तो हवा.

शेवटी जेकब्ज स्वतःच कबूल करतात की लिहिताना सगळं दाटीवाटीने एकत्र आलं. प्रत्यक्षात रस्ता इतका घाईत नसतो. असे रस्ते ज्यांना ठाऊक आहेत त्यांना कळेल. बाकीच्यांच्या डोक्यातलं चित्र थोडं चुकीचंच राहणार, प्रवाशांच्या सांगण्यावरून काढलेल्या गेंड्यांच्या जुन्या चित्रांसारखं. 1515 मध्ये ड्यूररने गेंडा न पाहताच काढला, तेव्हा त्याच्या अंगावर चिलखत चढवलं आणि खांद्यापाशी एक जादा शिंग दिलं. आज हा उतारा नगररचनेच्या वर्गांत वाचला जातो, आणि नव्या गृहसंकुलांच्या रंगीत माहितीपत्रकांत 'गजबजलेला रस्ता' म्हणून कॅफे, सायकलवाली मुलगी आणि कुंडीतली झाडं दाखवलेली असतात. कुणी झाडताना दिसत नाही, खोकी रचताना दिसत नाही. शिंग मात्र बरोबर खांद्यापाशी.