पाकिटावरच्या आकड्याची परीक्षा

फोमच्या इअरप्लगच्या पाकिटावर एक ठळक आकडा असतो : 33 डेसिबल. मोटारसायकलस्वार तो वाचतो, मनातल्या मनात वजाबाकी करतो आणि निर्धास्त होतो. आम्हीही तेच केले होते. शंका आली ती एका शाळेत. महामार्गाने तासभर गाडी चालवून आम्ही तिथे व्याख्यानाला गेलो होतो. वाटेत कानांत इअरप्लग होते. तरीही मागच्या बाकावरच्या मुलीला तिचा प्रश्न आम्ही तीनदा विचारायला लावला. बाकीच्या वर्गाला तो पहिल्याच वेळी ऐकू गेला होता. तेव्हा हा आकडा नीट तपासायचे आम्ही ठरवले.

आधी गोंगाट कुठून येतो ते पाहू. ताशी सुमारे 65 किलोमीटरच्या पुढे इंजिनापेक्षा हेल्मेटभोवती घुसळणाऱ्या वाऱ्याचा आवाज वरचढ होतो. ब्रिटनमध्ये 1990 च्या दशकात झालेल्या मोजमापांत ताशी 60 किलोमीटरला स्वाराच्या कानाशी सुमारे 90 डेसिबल (ए), तर 160 ला सुमारे 110 डेसिबल (ए) आवाज आढळला. ताशी 100 किलोमीटरला तो 100 च्या आसपास धरता येईल. हेल्मेट डोक्यासाठी अत्यावश्यकच आहे; पण वाऱ्याच्या आवाजातला मोठा भाग कमी वारंवारतेचा असतो आणि तो हेल्मेट फारसा अडवत नाही.

अमेरिकेतील 'नायॉश' या संस्थेच्या 1998 च्या शिफारशीनुसार 85 डेसिबल (ए) आवाजात दिवसाला आठ तास राहता येते. पुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. विद्यार्थ्यांना हिशेब करायला सांगा. 100 डेसिबलला उत्तर येते अवघी 15 मिनिटे!

आता पाकिटावरचा आकडा. 100 मधून 33 वजा केले तर 67 उरतात, म्हणजे काळजी मिटली. पण हा आकडा प्रयोगशाळेतला आहे. अमेरिकी पद्धतीत प्रयोगकर्ता स्वतः इअरप्लग नीट बसवतो आणि 125 ते 8000 हर्ट्झ या पट्ट्यात मोजमाप होते. माणसामाणसांतला फरक लक्षात घेऊन सरासरीतून दोन प्रमाण विचलनेही वजा केली जातात. तेव्हा आकडा खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. तो चांगला बसलेला इअरप्लग काय करू शकतो ते सांगतो. आपल्या कानात तो काय करेल, ते नाही.

नायॉशनेच 1998 मध्ये सुचवले की फोमच्या इअरप्लगचा आकडा निम्मा धरावा आणि आवाज 'ए' मापनात असेल तर आणखी 7 वजा करावेत. 33 चे निम्मे साडेसोळा. त्यातून 7 गेले, उरले साडेनऊ. म्हणजे कानात 67 नव्हे, तर सुमारे 90 डेसिबल पोचतात. मुदत दोन तासांच्या आसपास येते. हा फरक पाकिटावर कुठेच दिसत नाही.

या सरसकट निम्म्या करण्यावरही आमचा आक्षेप आहे. काळजीपूर्वक घालणाऱ्याला बरेच जास्त संरक्षण मिळते, निष्काळजी माणसाला जवळजवळ काहीच नाही. आमचे इअरप्लग अर्धे बाहेर राहत होते आणि हेल्मेट घालताना आणखी सरकत होते. फट राहिली की सर्वांत आधी कमी वारंवारतेचा आवाज आत शिरतो, आणि वाऱ्याचा आवाज नेमका तोच असतो.

बसवण्याची रीत सोपी आहे. स्वच्छ हातांनी फोम वळून बारीक करावा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढावा, म्हणजे कानाची वाकडी नळी सरळ होते. फोम आत सरकवून तो फुगेपर्यंत, अर्धा मिनिट तरी, बोटाने धरून ठेवावा. मग गोंगाटात दोन्ही तळवे कानांवर दाबून पाहावे. आवाज स्पष्टपणे कमी झाला, तर फट आहे; पुन्हा बसवावे. कापसाचे बोळे इथे कामाचे नाहीत.

वेळेचा हिशेबही पाकीट सांगत नाही. तासाभराच्या प्रवासात इअरप्लग सहा मिनिटे जरी काढून ठेवला, तरी एक दशांश ऊर्जा कानात शिरते. मग तो कितीही उत्तम असो, एकूण लाभ 10 डेसिबलच्या वर जात नाही. अर्धा तास काढला तर लाभ फक्त 3 डेसिबल!

"मग हॉर्न कसा ऐकू येणार?" हा प्रश्न रास्त आहे. इअरप्लग वारा आणि हॉर्न दोन्ही कमी करतो. मोठ्या गोंगाटात निरोगी कानाला त्यामुळे हॉर्न ओळखणे सहसा अवघड होत नाही. मात्र संथ शहरी रहदारीत, किंवा ज्यांना आधीच कमी ऐकू येते त्यांना, जास्त रोधाचा इअरप्लग अडचणीचा ठरू शकतो. म्हणून सर्वांत मोठा आकडा निवडणे हे शहाणपण नव्हे. महामार्गासाठी फोम, शहरात मध्यम रोधाचा, गाळणीचा इअरप्लग पुरे. कानाची नळी अरुंद असेल तर लहान आकाराचा घ्यावा. टोक बाहेर येऊन हेल्मेटला घासत असेल, तर तो आपल्यासाठी नाही.

गोंगाटाने बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपासची श्रवणशक्ती आधी जाते. 'स', 'श', 'फ' यांसारखी व्यंजने अस्पष्ट होऊ लागतात, आणि आतल्या कानातल्या मेलेल्या रोमपेशी पुन्हा उगवत नाहीत. रोज महामार्गाने शाळेत जाणाऱ्या शिक्षकाच्या दृष्टीने याचा अर्थ मागच्या बाकावरचा हळू आवाज हरवणे. त्या दिवशीचा आमचा बहिरेपणा दुसऱ्या दिवशी ओसरला होता. दर वेळी तो ओसरेलच असे नाही.