हंटर कुणाच्या हातात?

आमच्या वस्तीतल्या वाचनालयात चार रविवार आम्ही एकाच बाईसाठी भिंतीवर चादर ताणली. बाईचं नाव नादिया. फिअरलेस नादिया. हंटरवाली. पहिल्याच रविवारी एक कार्यकर्ता मित्र उठून गेला. जाताना म्हणाला, ‘मारामारीचे पिक्चर दाखवून कसलं प्रबोधन करताय?’ मी रातपाळी उतरून आलो होतो. भांडायचं त्राण नव्हतं. आता लिहून भांडतो.

पहिलं भांडण त्या मित्राशी.

नादिया म्हणजे मेरी अॅन एव्हान्स. जन्म १९०८, ऑस्ट्रेलियातलं पर्थ. बाप स्कॉटिश, आई ग्रीक. बाप ब्रिटिश फौजेत, पहिल्या महायुद्धात १९१५ साली मेला. पोर मुंबईत वाढली, मग पेशावरकडे जाऊन घोडा आणि बंदूक शिकली. परत मुंबईला येऊन दुकानात विक्रेतीचं काम केलं, नाच शिकली, सर्कशीत गेली. कोणी गव्हर्नराची मडम नव्हती ती. पोटासाठी अंग राबवणारी बाई होती. जमशेद आणि होमी या वाडिया बंधूंनी १९३३ साली वाडिया मूव्हिटोन काढली, त्यांनी तिला हेरलं. १९३५ साली ‘हंटरवाली’ आला आणि ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात २५ आठवड्यांहून जास्त चालला.

त्यांचा स्टुडिओ परळच्या लवजी कॅसलमध्ये. पुढं १९४२ नंतर तिथंच शांतारामबापूंचं राजकमल उभं राहिलं. म्हणजे नादिया घोड्यावर बसायची ती गिरण्यांच्या भोंग्याच्या टप्प्यात. माझा पणजा त्याच भागात गिरणीत होता. सूत कातायच्या खात्यात. विणायच्या खात्यात आपल्या माणसाला मज्जाव होता. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि आपल्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या संपांच्या वेळी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर विचारला होता. त्या पणज्यानं ‘हंटरवाली’ बघितला की नाही, सांगायला कोणी उरलेलं नाही. पण बघितला असेल तर सगळ्यात स्वस्त तिकिटाच्या पिटात बसून बघितला असेल. तिथल्या अंधारात शेजारच्याची जात दिसत नाही. दिवसभर जी दिसत होती ती तिथं तीन तास दिसत नव्हती.

या पिटाला शहाण्या लोकांनी कायम नाकं मुरडली. संतपट चांगला, कौटुंबिक चांगला, स्टंटपट मात्र हमालांचा आणि गिरणीवाल्यांचा. आमच्या मित्राचं वाक्य त्यांच्याच तोंडचं आहे, फक्त त्यानं त्याला प्रबोधनाचा सदरा घातलाय. मित्रा, आपल्या माणसांनी ज्याच्यावर शिट्ट्या मारल्या ते आधी नीट बघ, मग नाकार.

नीट बघितलं तर काय दिसतं? दुसऱ्या रविवारी ‘मिस फ्रंटियर मेल’ लावला. १९३६ चा. स्टेशनमास्तर बापावर खुनाचा खोटा आळ, आणि त्याची पोर सविता खऱ्या गुन्हेगाराच्या मागे. धावत्या गाडीच्या टपावर ती गुंडांना उचलून आपटते. मी टपाकडं बघत नव्हतो, तिच्या पायांकडं बघत होतो. तोल कसा धरते, वजन कुठल्या पायावर टाकते. ती बदली माणूस घेत नव्हती, झोकून द्यायची ते स्वतःलाच. रिंगफ्रेमवर काम करणाऱ्याला हे लगेच कळतं. आपल्याकडच्या पिक्चरमध्ये बाईचं अंग बघायसाठी असतं. इथं ते काम करतंय. घाम येईल असं काम. एवढं तरी तिला दिलंच पाहिजे.

आता दुसरं भांडण. ते नादियाशी नाही, तिला खांद्यावर घेऊन नाचणाऱ्या आपल्याच पोरांशी.

‘हंटरवाली’ आम्हाला मिळाला तो तुकड्यातुकड्यांनी, रियाद वाडियांनी १९९३ साली काढलेल्या माहितीपटातून. त्यात नादिया कोण आहे? राजकन्या माधुरी. दुष्ट वजिरानं राजाला पकडलं म्हणून मुखवटा घालून गरिबांचा कैवार घेणारी. म्हणजे हंटर राजाच्या घरातलाच. काल तो आपल्या पाठीवर होता, आज वजिराच्या पाठीवर. हात तोच. वजीर मेला, राजा सुटला, रयत खूष. रयतेनं करायचं काय? टाळ्या वाजवायच्या. याच साली, १३ ऑक्टोबर १९३५ ला, बाबासाहेब येवल्यात सांगत होते की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. तिथं चांगल्या राजाची वाट बघणं संपलं होतं. पडद्यावर ते अजून चालू होतं.

आणि ही राजकन्या गोरी, सोनेरी केसांची. असं सांगतात की तिला काळ्या केसांचा टोप घालायला सांगितला तर तिनं साफ नकार दिला. नाव नंदादेवी ठेवू म्हणाले, तेही नाकारलं. बाणेदारपणा म्हणून हे मला आवडतं. पण नकार देऊन ती टिकली कशी, हेही विचारा. गोऱ्या बाईनं हिंदू राजकन्या व्हावं आणि २५ आठवडे घ्यावेत, याला देशाची हरकत नव्हती. त्याआधी मूकपटाच्या काळात त्रावणकोरात पी. के. रोझी नावाची दलित पोर ‘विगतकुमारन’मध्ये नायर बाई झाली. तिरुवनंतपुरमच्या थिएटरात पडद्यावर दगड पडले. तिला गाव सोडून पळावं लागलं. तिनं कुणाला हंटर मारला नव्हता, नुसतं केसात फूल माळलं होतं. सात समुद्रापलीकडची बाई राणी झालेली चालते, वेशीबाहेरची चालत नाही. ‘निर्भय’ ही पदवी वाटणारे कोण आहेत ते यावरून ओळखा.

आणखी एक. आठवडी बाजारात डोंबाऱ्याची पोर दोरीवर चालते. खाली जाळी नाही, कॅमेरा नाही, दुसरा टेक नाही. तिला कोणी फिअरलेस म्हटलेलं मी ऐकलं नाही. कसरत तीच, तिथं भीक म्हणून रुपया पडतो.

तिसऱ्या रविवारी ‘डायमंड क्वीन’, १९४०. मुंबईला शिकून गावी परतलेली मधुरिका. गावाला लुबाडणारा केदारनाथ, आणि त्याच्याशी लढणारा दिलेर नावाचा बंडखोर. जमशेद वाडिया मानवेंद्रनाथ रॉयांच्या विचारांचे. त्यामुळं इथं मारामारीच्या मधे साक्षरता येते, बाईच्या स्वातंत्र्याबिगर देशाचं स्वातंत्र्य खोटं हेही येतं. मी मनापासून टाळी दिली. पण इथंही रोग एका माणसात आहे. केदारनाथ उचलून फेकला की गाव बरा. आपल्याला माहीत आहे, केदारनाथ गेला तरी पाणवठा तिथंच असतो.

म्हणून चौथ्या रविवारी मी हट्टानं नादिया नसलेला पिक्चर लावायला लावला. ‘अछूत कन्या’. साल पुन्हा १९३६. रेल्वे फाटकावाल्याची पोर कस्तुरी, वाण्याचं दुकान असलेल्या ब्राह्मणाच्या पोरावर जीव लावते आणि शेवटी गाडी थांबवायला धावते, गाडीखाली मरते. तिला मारून प्रेक्षकांना रडवलं. शहाण्या लोकांनी याला सुधारणेचा सिनेमा म्हटलं. एकाच सालात दोन पोरी, दोघी रेल्वेवाल्यांच्या. स्टेशनमास्तरची गाडीच्या टपावर, अस्पृश्य फाटकावाल्याची गाडीच्या चाकाखाली. या दोन आगगाड्या एकमेकींशेजारी उभ्या केल्याशिवाय नादियाचा उत्सव पुरा होत नाही, असं माझं म्हणणं आहे.

कोणी म्हणेल, जुनं झालं. मग २०१६ चा ‘सैराट’ आठवा. नागराज आपला माणूस, मी त्या पिक्चरला तीनदा गेलो. बुलेट चालवणारी, गोळी झाडणारी आर्ची कोणाची? पाटलाची. परशा मासेमाराचा. नागराजनं शेवटी दोघांनाही वाचवलं नाही, राजाला चांगलं ठरवलं नाही, हा त्याचा मोठेपणा. तरी बुलेट अजून वाड्यातूनच निघते.

पिक्चर संपल्यावर मी हे सगळं बोललो. बराच वेळ बोललो. मागं आमच्या सूतगिरणीतल्या एक मावशी बसल्या होत्या, डॉफिंगला असतात. म्हणाल्या, ‘बाळा, तुझं खरं हाय. पर ती गाडीवरनं चालली तवा मला कुणाची पोर हाय ते दिसलंच न्हाई. मला वाटलं मीच चालतीय.’

मी गप्प बसलो. माझ्या टीकेला याचं उत्तर नाही, आणि नसू दे. मावशीला जे मिळालं ते गोऱ्या बाईनं दिलेलं नाही, ते मावशीनं घेतलं. पणज्यानंही पिटात बसून असंच काही घेतलं असेल. पण ९० वर्षं झाली, आपली बाई अजून दुसऱ्याच्या पोरीच्या पायांनी टपावर चालते. लिहिणाऱ्यांनो, हे आपलं काम राहिलंय. कस्तुरीला चाकाखालून काढा आणि टपावर चढवा. ती चालली की पडद्यावर दगड येतील. आल्यावर बघू.

पाचव्या रविवारी काय लावायचं ते मावशी ठरवणार आहेत.