पालकाने ईमेल पाठवलाच नव्हता



पेटचा निकाल लागला की माझ्या इनबॉक्समध्ये एक प्रश्न हमखास येतो. "ताई, एमएस्सी बायोकेमिस्ट्री झालंय, पण पीएचडीला जरा वेगळं करायचंय. वनस्पती अधिक वायरलेस असं काहीतरी सुचवा ना." सोबत एक लिंक असते आणि बहुतेक वेळा ती एकच असते: शास्त्रज्ञांनी पालकाला ईमेल पाठवायला शिकवलं! २०२१च्या सुरुवातीला ही बातमी जगभर फिरली, तिच्यावर मीम निघाले. गंमत म्हणजे ज्या पेपरवर ती बेतलेली होती, तो तोवर चार वर्षांचा झाला होता. एमआयटीतल्या मायकेल स्ट्रानो यांच्या गटाचं हे काम 'नेचर मटेरियल्स'मध्ये २०१६च्या ऑक्टोबरअखेर ऑनलाइन आलं आणि २०१७च्या अंकात छापलं गेलं.

आज तो पेपर आपण नीट वाचू. मी त्याचं कौतुक करणार आहे आणि त्याच्याशी भांडणारही आहे. भांडायचं कारण थोडं वैयक्तिक आहे, ते आधी सांगून टाकते.

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसच्या शीर्षकात 'वनस्पतींमधील ताणाचे रिअल-टाइम वायरलेस निरीक्षण' असे शब्द होते. ऐकायला भारी वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पॅनेलवर इलेक्ट्रॉनिक्सचे एक सर होते. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमची डेडलाइन काय?" मी म्हणाले, "सर, डिसेंबरपर्यंत पहिला टप्पा होईल." खोलीत हशा पिकला. मलाही हसू आलं, पण ते का हसतायत हेच मला कळलं नव्हतं. सिनॉप्सिस परत आला. दुरुस्ती, पुन्हा सादरीकरण, मधल्या सुट्ट्या यात सहा महिने गेले, आणि फेलोशिपचं घड्याळ त्यासाठी थांबत नाही. त्या सिनॉप्सिसमधला पहिला संदर्भ हाच पालकाचा पेपर होता. मी त्याचा अ‍ॅबस्ट्रॅक्ट वाचला होता. पेपर वाचला नव्हता.

आता पेपरात काय आहे ते बघू. पालकाच्या पानात खालच्या बाजूने एक द्रावण दाबून आत घालतात. त्यात कार्बन नॅनोट्यूब असतात, दोन प्रकारच्या. पहिल्या प्रकारावर बॉम्बोलिटिन नावाचं पेप्टाइड बसवलेलं असतं (मूळचं बंबलबी या केसाळ माशीच्या विषातलं. कुणाला कुठे काय सुचेल सांगता येत नाही). नायट्रोअ‍ॅरोमॅटिक रेणू, म्हणजे स्फोटकांत सापडणारी पिक्रिक आम्लासारखी रसायनं जवळ आली की या ट्यूबची चमक बदलते. दुसऱ्या प्रकारावर पॉलिव्हिनाइल अल्कोहोल असतं आणि तिची चमक तशीच राहते. मुळाशी दूषित पाणी आलं की झाड ते नेहमीसारखं वर ओढतं, रसायन पानात साचतं, आणि एका ट्यूबची चमक दुसरीच्या तुलनेत बदलते.

ही दुसरी ट्यूब मला सगळ्या पेपरातली सर्वात शहाणी गोष्ट वाटते. पान हलतं, प्रकाश कमी-जास्त होतो, कॅमेरा सरकतो. एकाच आकड्यावर विसंबलात तर यातला कुठलाही गोंधळ तुम्हाला 'सिग्नल' वाटू शकतो. दोघींचं गुणोत्तर घेतलं की यातलं बरंचसं आपोआप कटतं. तुमच्या प्रयोगात अशी न बदलणारी जोडीदारीण कोण आहे, हे गाईडच्या आधी स्वतःला विचारून ठेवा.

आता ईमेलकडे येऊ. पान आपणहून काहीच पाठवत नाही. त्याच्यावर लेझर मारावा लागतो, तेव्हा ट्यूब जवळच्या अवरक्त पट्ट्यात चमकतात. ती चमक सुमारे १ मीटरवरचा कॅमेरा टिपतो. कॅमेरा रास्पबेरी पायला जोडलेला असतो, म्हणजे त्या वेळी ३५ डॉलरला मिळणाऱ्या छोट्या संगणकाला. पुढचा निरोप तो संगणक पाठवतो. म्हणजे ईमेल पाठवला संगणकाने आणि नाव झालं पालकाचं. मधलं १ मीटर अंतर बिनतारी आहे हे खरं, पण मग तुमच्या डोळ्याला दिसणारं प्रत्येक पिवळं पडलेलं पान वायरलेसच म्हणायला हवं.

बातमीदाराला दोष देऊन मोकळं होता येत नाही, कारण बी पेपरातच आहे. झाड हे 'अवरक्त संवादाचं व्यासपीठ' आहे आणि ते स्मार्टफोनला माहिती पाठवू शकतं, असं अ‍ॅबस्ट्रॅक्टच म्हणतो. स्मार्टफोनवरही माझा आक्षेप आहे. फोनच्या कॅमेऱ्यातला अवरक्त फिल्टर काढला तरी आत सेन्सर सिलिकॉनचा असतो, आणि सिलिकॉनला साधारण १,१०० नॅनोमीटरच्या पुढचं दिसत नाही. अशा नॅनोट्यूबची चमक साधारण ९०० ते १,६०० नॅनोमीटरमध्ये पसरलेली असते. म्हणजे फोनला तिचा एक तुकडाच दिसणार. प्रयोगशाळेतल्या प्रात्यक्षिकाला तेवढा पुरतो. उघड्या रानात भर दुपारी, सूर्य स्वतः त्याच पट्ट्यात ओतत असताना काय होईल, हा वेगळा प्रश्न आहे. 'संवाद' हा शब्द वापरला की तो प्रश्न विचारायचं आपण विसरतो.

आणि 'रिअल-टाइम'? इथेच माझी विकेट पडली होती. वायरलेसवाल्यांच्या भाषेत रिअल-टाइम म्हणजे नुसतं लवकर नव्हे. त्यांचं म्हणणं असं की निरोप ठरलेल्या वेळेच्या आत पोचलाच पाहिजे. उशिरा आलेलं बरोबर उत्तर चूकच धरायचं. ५जीच्या अतिविश्वासार्ह सेवेसाठी ठरवलेलं लक्ष्य बघा: ३२ बाइटचा निरोप १ मिलिसेकंदाच्या आत, आणि तोही १,००,००० पैकी ९९,९९९ वेळा. सरांची डेडलाइन ही होती. आमच्या बायोकेमिस्ट्रीत मात्र पान तोडून द्रव नायट्रोजनमध्ये घालून खलबत्त्यात कुटलं नाही, घडत असतानाच बघितलं, की झालं रिअल-टाइम. दोन्ही अर्थ आपापल्या घरात ठीक आहेत. घोटाळा तेव्हा होतो, जेव्हा आपण एका घरातला शब्द उचलतो आणि दुसऱ्या घरातली प्रतिष्ठा त्याला चिकटवतो.

या पेपरात घडत असताना बघण्यातून दोन आकडे निघाले आहेत, आणि बातम्यांत मला ते कुठेच दिसले नाहीत. मूळ आणि खोड मिळून रसायनाला लागणारा वेळ ८.३ मिनिटं. पानात शिरल्यावर दर मिलिमीटरला १.९ मिनिटं. गणित करून बघा: पानात १ सेंटीमीटर जायला १९ मिनिटं! मुळापासून खोडाच्या टोकापर्यंतच्या अख्ख्या प्रवासाच्या दुपटीहून जास्त वेळ त्या एका सेंटीमीटरला. जिवंत झाडात, झाड न कापता हे मोजणं ही माझ्या मते या पेपरची खरी कमाई आहे. प्रकाशाला १ मीटर जायला सेकंदाचा नगण्य अंश लागतो. उशीर रेडिओत नाही, झाडाच्या नळ्यांत आहे. ज्याला या विषयात यंत्रणा बांधायची आहे त्याने आधी नळ्या समजून घ्याव्यात.

शब्दांचं हे भांडण नवं नाही. वायरलेस आणि वनस्पती म्हटलं की आपल्याकडे एक नाव ओठावर येतंच: जगदीशचंद्र बोस. १८९५च्या सुमारास कलकत्त्यात ते मिलिमीटर तरंगांवर काम करत होते. आपले तरंगग्राहक वापरून वापरून 'थकतात' असं त्यांना दिसलं, आणि तिथून ते धातूंकडे, मग वनस्पतींकडे वळले. १९०१मध्ये रॉयल सोसायटीत त्यांनी वनस्पतींच्या विद्युत 'प्रतिसादा'वर निबंध वाचला, तेव्हा बर्डन-सँडरसन या मोठ्या शरीरशास्त्रज्ञाने सुचवलं की 'प्रतिसाद' हा शब्द शीर्षकातून काढा. पॅट्रिक गेडिस यांनी लिहिलेल्या बोसांच्या चरित्रात हा प्रसंग आहे. बोसांनी शब्द बदलायला नकार दिला. साध्यासुध्या झाडांतही विद्युत संकेत असतात, हे त्यांचं म्हणणं पुढे टिकलं. धातूही तसाच 'थकतो', हे साम्य जीवशास्त्रात टिकलं नाही. एकच माणूस, एकाच शब्दावर हट्ट, आणि निकाल अर्धा-अर्धा. म्हणून कुणी धाडसी शब्द वापरला की मी लगेच नाक मुरडत नाही. त्या शब्दाच्या जिवावर पुढे काय मोजलं, एवढं बघते.

स्ट्रानो यांच्या गटाने पुढे काय मोजलं, ते २०२०च्या 'नेचर प्लांट्स'मधल्या पेपरात आहे. पालकाची बातमी फिरायच्या आधीच हा आला होता, आणि तुम्हाला एकच वाचायचा असेल तर हा वाचा. पानाला जखम केली की हायड्रोजन पेरॉक्साइडची एक लाट झाडातून पसरते. तीच नॅनोट्यूबची युक्ती वापरून त्यांनी सहा वनस्पतींत ही लाट पकडली. वेग मिनिटाला ०.४४ ते ३.१० सेंटीमीटर, लेट्यूस सर्वात मंद, अरबिडॉप्सिस सर्वात वेगवान. शिवाय आरबोएचडी हे एन्झाइम किंवा ग्लुटामेट-रिसेप्टरसारख्या दोन चॅनेलपैकी एखादं नसेल तर लाट नीट पुढे सरकत नाही, हेही दाखवलं. इथे 'रिअल-टाइम' शीर्षकातच आहे आणि तो शब्द इथे शोभतो, कारण त्याच्यामागे लाटेचा वेग आहे. एक कुरकुर मात्र आहे. पानाची नासधूस न करता मोजलं असं म्हणताना, द्रावण पानात दाबून घालणं हाही पानावर थोडा अत्याचारच असतो. पान सावरायला किती वेळ दिला, हे पद्धतीच्या भागात जाऊन बघत चला.

आपल्या जवळचं उदाहरण घ्यायचं तर द्राक्षबाग. डावणी येणार की नाही हे बरंचसं पान किती तास ओलं राहिलं यावर असतं. तिथे सेन्सरने तासाला एक रीडिंग पाठवलं तरी पुष्कळ. मिलिसेकंदाचं नेटवर्क लावलंत तर बॅटरी संपेल, डावणीला फरक पडणार नाही. जखमेच्या लाटेला मात्र तासाला एक रीडिंग म्हणजे काहीच न बघणं. किती वेगाने मोजायचं हे रेडिओ ठरवत नाही, आत चाललेली रसायनाची घडामोड ठरवते.

दुसऱ्या सादरीकरणात मी शीर्षकातून 'रिअल-टाइम' आणि 'वायरलेस' दोन्ही काढून टाकले. गाईड जरा नाराज होत्या, म्हणाल्या, आता फंडिंगवाले बघतील का? तो प्रश्न अजून तसाच आहे. शब्दांच्या जागी एक ओळ घातली: अरबिडॉप्सिसच्या पानावर दर ५ सेकंदांनी एक रीडिंग. तेच सर होते. म्हणाले, "५ का? ६० का नाही?" मी फळ्यावर लिहिलं: मिनिटाला ३.१ सेंटीमीटर, पान ३ सेंटीमीटरचं. ६० सेकंदांनी मोजलं तर दोन रीडिंगच्या मध्ये लाट अख्खं पान ओलांडून जाते. ५ सेकंदांनी मोजलं तर पान ओलांडेपर्यंत ११-१२ रीडिंग मिळतात. सरांनी मान हलवली आणि पुढच्या स्लाइडवर जायला सांगितलं.