‘गद्धेगाळ’ आणि ‘शिवीगाळ’ : एक अर्थविचार

प्रस्तावना : ‘शिवीगाळ’ हा शब्द मराठीत नित्य वापरला जातो, मात्र त्यातील ‘गाळ’ या घटकाचा स्वतंत्र विचार क्वचितच होतो. नदीत साचणाऱ्या गाळाशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह होतो. परंतु तो गाळ पुल्लिंगी आहे, तर ‘शिवीगाळ’ स्त्रीलिंगी.

व्युत्पत्ती : ‘गाळ’ हा संस्कृत ‘गालि’ (निंदा, अपशब्द) या शब्दाचा तद्भव होय. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात ‘गालि’ आढळतो. हिंदी ‘गाली’ व गुजराती ‘गाळ’ त्याच कुळातील असून मराठीत ‘गालिप्रदान’ हे तत्सम रूपही रूढ आहे. त्यामुळे ‘शिवीगाळ’ हा ‘बाजारहाट’सारखा समानार्थी जोडशब्द ठरतो.

शिलालेखांतील प्रयोग : अंबरनाथ येथील प्राचीन शिवमंदिराचा शिलालेख शके ९८२ (इ. स. १०६०) मधील, शिलाहार काळातील आहे. याच शिलाहारांच्या उत्तर कोकणात ‘गद्धेगाळ’ म्हणून ओळखले जाणारे दानशिलालेख सापडतात. वर चंद्रसूर्य, मध्ये लेख आणि खाली गाढव व स्त्री यांचे शिल्प, अशी त्यांची सामान्य रचना असते. दान मोडणाऱ्याच्या आईची गाढवाकडून विटंबना होईल, असा हा शाप. परळच्या शके ११०८ च्या लेखात दानाचा मजकूर संस्कृतात, तर शाप मराठीत आहे. शाप सर्वांना कळावा, हाच यामागील हेतू संभवतो.

समीक्षा : गद्धेगाळीला केवळ अश्लील शिवी म्हणणे अपुरे आहे; तो दानाच्या रक्षणासाठी योजलेला दंडच होता. तथापि, त्याचे केवळ धर्मशासन म्हणून समर्थन करणेही योग्य नव्हे. संस्कृत दानपत्रांतील रूढ शापात भूमी हरण करणारा स्वतः साठ हजार वर्षे विष्ठेतील किडा होतो. मराठी शापात मात्र अपराध पुरुषाचा आणि विटंबना त्याच्या निरपराध आईची. मराठी शिव्यांत आजही आई-बहिणीच हेतुपुरस्सर ओढल्या जातात. त्या वृत्तीचा हा कोरीव पुरावा होय.

निष्कर्ष : एके काळी राजाज्ञेचे रक्षण करणारी ‘गाळ’ आज पोलीस ठाण्यातील फिर्यादीचा विषय झाली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, शांतताभंगास चिथावणी देण्याच्या उद्देशाने केलेला अपमान कलम ३५२ खाली दंडनीय आहे. शब्दाची सत्ता गेली. त्यातील स्त्रीविषयक तिरस्कार मात्र टिकून राहिला. शिवीचा अभ्यास म्हणूनच समाजाच्या अभ्यासापासून वेगळा करता येत नाही.