पाहिले म्हणजे समजले?

मुंबईच्या आयआयटीने तयार केलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मधील पाठ साधारण दहा मिनिटांचे असतात. पाहा, थांबवा, करून पाहा, ही त्यांची रीत. आरोग्य व पोषणावरचे पाठ मराठीतही आहेत, ही मोठी सोय. पण संगणक शिकताना झालेली चूक पडद्यावर लगेच दिसते. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला ती कोण दाखवणार?

समजा, ५०० मिलिलिटर सलाइन ४ तासांत द्यायचे आहे. १ मिलिलिटरचे २० थेंब. मिनिटाला किती थेंब? सुमारे ४२. पुनावळ्यात घरी बसून पाठ पाहणारीला हे पटते. स्वतः सोडवताना मात्र तासांची मिनिटे करायची राहून जातात आणि उत्तर येते २,५००! म्हणून पाठ घरी पाहावा, उदाहरण वर्गात सोडवावे आणि चूक कुठे झाली ते शिक्षकांनी तिच्याकडूनच शोधून घ्यावे.