‘महीनेर घोडागुलि’ : पुनःशोध की संपादन?

१९७५ च्या सुमारास कलकत्त्यात गौतम चट्टोपाध्याय व त्यांचे सहकारी यांनी स्थापिलेल्या ‘महीनेर घोडागुलि’ या वाद्यवृंदाने १९७७ ते १९७९ या अवधीत तीन ध्वनिमुद्रिका काढल्या. बाउलगीत व पाश्चात्त्य रॉक यांचा त्यांतील संयोग तत्कालीन रसिकांना फारसा रुचला नाही. पुढे वृंद विसर्जित झाला. १९९५ मधील ‘आबार बछर कुडि परे’ या गीतसंग्रहाने त्याचा पुनःशोध लागला, असे सामान्यतः मानले जाते. हे मत तपासून पाहणे अगत्याचे आहे.

वृंदाचे नाव जीवनानंद दास यांच्या ‘घोडा’ या कवितेतून घेतलेले आहे. बंगालीतील ‘-गुलि’ हा प्रत्यय बहुवचनाबरोबरच निश्चितत्वाचाही द्योतक होय. ‘महीनचे घोडे’ एवढ्याने ती छटा उतरत नाही. ‘महीनचे ते घोडे’ असे म्हणावे लागते. श्रोत्याला ते आधीच परिचित आहेत, असे हे नाव गृहीत धरते. १९७७ मध्ये तसा परिचय नव्हता; तो १९९५ नंतर निर्माण झाला.

परंतु तो कशाचा परिचय? १९९५ चा संग्रह वृंदाने ‘संपादित’ म्हणून प्रसिद्ध केला. त्यात इतरांचे स्वर होते, नव्या रचनाही होत्या. त्यांपैकी ‘पृथिबीटा नाकि’ या गीताची चाल २००६ च्या ‘गँगस्टर’ या हिंदी चित्रपटातील ‘भीगी भीगी’मुळे देशभर पोचली. म्हणजे जे पुन्हा सापडले, ते बव्हंशी नव्याने सिद्ध केलेले होते. स्वतः चट्टोपाध्याय (निधन १९९९) त्याचे सूत्रधार असल्याने ते अप्रामाणिक ठरत नाही. तथापि उत्तरकालीन पाठावरून मूळ पाठाचे मूल्यमापन करणे, हा दोष अभ्यासकाने टाळलाच पाहिजे.